गुडघाभर पाण्याची वाट

"हात सैल सोडा, सोनीबाई. त्याला सांगा, हा शफी हाय, फॉरेष्टचा गार्ड न्हाई."

सोनीबाईला हसू आलं नाही, पण हात जरा सैल पडला. शफीने तिची बोटं जवळ घेतली, अंगठ्याचा सांधा तळहाताकडे दाबला आणि हिरवी बांगडी लहान पोराला फुसलावत न्यावी तशी मनगटावर नेली. मढच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पोटात ज्या वाड्या होत्या, त्यांतल्या सगळ्या बायकांचे हात जुन्नरच्या या मन्याराला पाठ होते. आधी त्याचा बाप पीरमहंमद यायचा. बापाचे गुडघे धरले तेव्हापासून हा येऊ लागला. कुणाचं मनगट भरलं, कुणाचं वाळलं, हे त्याला बांगडी चढवता चढवता कळायचं, आणि कळलेलं तो सहसा बोलून दाखवायचा नाही.

आज मात्र तो बोलला. "गेल्या साली हेच माप अडकत व्हतं."

"व्हय."

"औंदा गडगडतंय."

"अंगावर पिती पोरगी, वाळंल न्हाई तर काय!" आतून लंकाबाई, तिची सासू, म्हणाली. "भर तू मुकाट्यानं. आषाढापास्नं मोकळ्या हातानं हिंडती. नवरा जितावा हाय, आन् हिचं हात बगावं तर असं. लोकांनी काय म्हनावं?"

आषाढात नदीच्या काठावर बांगड्या फुटल्या होत्या. त्यानंतर सोनीबाईने त्या भरल्या नव्हत्या. मुद्दाम नव्हे. कामच इतकं असायचं, आणि मग माघात ही तान्ही झाली. पण लंकाबाईला ते खुपायचं, आणि आज शफीची हाळी ऐकताच तिने सुनेला धरून ओट्यावर बसवलं होतं.

लंकाबाई शेळी सोडायला मागच्या दारी गेली, तशी शफीने बांगड्यांची माळ मांडीवर ठेवली. "एक इचारू का? राग आला तर बांगड्या काढून माज्या तोंडावर मारा."

"इचारा की."

"आमचं कलापथक हाय ना, भगवंतमास्तरांचं. साळंला सुट्टी लागली की आमी गावोगाव खेळ करतो. मास्तरांनी औंदाच्या खेळासाठी आमाला म्हनलं, राजा-राणीचं नगं, तुमी हिंडता-फिरता, तुमच्या कानावर आलेलं काय ते सांगा." तो थांबला. त्याला मिशीवरून बोट फिरवायची सवय होती. ते त्याने एकदा फिरवलं. "मी तुमच्या कुशाचं सांगितलं."

सोनीबाईने मांडीवरच्या तान्हीचं टोपडं नीट केलं. ते नीटच होतं.

"नाव घेनार न्हाई आमी. गावाचं न्हाई, तुमचं न्हाई. पर तुमी नगं म्हनलात तर आजच्या आज मास्तरांना सांगतो, खेळ बंद."

"खेळात कुशा कोन व्हनार?"

"उपरण्याची वळकटी."

"आन् मी?"

"मी," शफी म्हणाला. मग ओशाळून म्हणाला, "बाईमानूस कोन येतंय कलापथकात? आन् मला बायकांचं उठनं-बसनं ठावं हाय थोडं."

मग तिने जे विचारलं, ते ऐकून शफीचा हात मिशीकडे जाता जाता मध्येच राहिला.

"त्यात पोर वाचतं का, शफीभाऊ?"

"ते... ते लोकांवर हाय," तो म्हणाला. "मास्तर मुंबईला व्हते ना गिरणीच्या नाटकांत, तितं त्यांना कुनी सांगितलं की साता समुद्रापल्याड आता असंच करत्यात. बगनाऱ्याला रडवायचं न्हाई, त्याला इचारायचं. आमी मधीच थांबतो. म्हनतो, मंडळी, हितनं दोन वाटा फुटत्यात, बाईनं कंच्या वाटंनं जावं? लोक जी सांगत्याल, त्या वाटंनं मी जातो. लोकांनी फिरून दुसरी सांगितली, की फिरून दुसरीनं."

"म्हंजी परत पयल्यापास्नं?"

"परत पयल्यापास्नं."

सोनीबाई म्हणाली, "मग करा."

---

कुशाला जाऊन वर्ष व्हायला आलं होतं, आणि एवढ्या काळात त्याच्याबद्दल घरात कुणी बोललं नव्हतं. जानकू, तिचा नवरा, पहिल्यापासूनच अबोल माणूस. त्यानंतर तो हाक मारायचंही विसरला. लंकाबाई देवाच्या नावाने एकदा बोटं मोडून मोकळी झाली. वाडीतले लोक आले, बसले, "त्याचं तेवढंच व्हतं" म्हणाले आणि गेले. सगळे चांगलेच वागले. पण सोनीबाईला एकच विचारायचं होतं आणि ते विचारायला माणूस नव्हता. अशी एखादी तरी वाट होती का, जिच्यावरून गेलं असतं तर पोर राहिलं असतं?

भाकरी थापताना ती वाटा शोधायची. तिची आठवण दर वेळी त्या रात्रीपासून सुरू व्हायची. बाहेर पाऊस नुसता कोसळतोय, कुशाचं अंग तव्यासारखं तापलंय, डोळे वर गेलेत. जानकूने त्याला इरल्याखाली घेतलं आणि दोघं दवाखान्याच्या वाटेला लागली. नदी दोन्ही थड्या भरून चालली होती. उजाडेपर्यंत ती काठावर बसली. पाणी उतरेल म्हणून ती पाण्याकडे बघत होती, आणि तेवढ्यात मांडीवरचं अंग केव्हा निवालं ते तिला समजलंच नाही. ताप उतरला, असं ती जानकूला म्हणाली होती. आनंदाने म्हणाली होती.

वरच्या देवळाकडे गेलो असतो तर? भगत बरा होता, त्याने किती पोरांना उठवलं होतं. की घरीच चुलीजवळ धरून बसलो असतो, पावसात भिजवलं नसतं तर? भाकर करपायची. लंकाबाई ओरडायची. सोनीबाई नवा उंडा घ्यायची आणि पुन्हा त्याच रात्रीपासून सुरुवात करायची.

आता लोक सांगणार होते. मढचा बाजार म्हणजे आसपासच्या पंधरा वाड्यांचा. एवढ्या माणसांत एकाला तरी ठाऊक असेल.

"तमाशा बगाया जायाचं काय नडलंय?" जानकू म्हणाला. हिरड्याचं पोतं त्याच्या पाठीवर होतं.

"बाजार करायचा हाय. मीठ संपलंय."

"मीठ मी आनतो की."

"मला बी यायचंय," सोनीबाई म्हणाली. जानकूने पोतं सावरलं आणि निघाला. वाटेने पुढे चालताना मात्र उताराला तो थांबायचा, तान्हीला घेतलेली ती खाली येईपर्यंत.

---

खेळ भर दुपारी होता. बाजारतळाच्या कडेला वडाची सावली मोठी होती, आणि मास्तरांना उजेडच पाहिजे होता. पडदा नव्हता. एक खाट, एक डफवाला, झाडाच्या मुळीवर ठेवलेलं गाठोडं. खेळकरी लोकांच्या देखत पागोटी बांधत होते, सोडत होते. भगवंतमास्तर बारीक अंगाचे, चष्मेवाले. शफीला बाजूला घेऊन सांगत होते, आणि सोनीबाई बायकांच्या कडेला मुळीला टेकून बसली होती म्हणून तिला ते ऐकू आलं.

"कालच्या गावात तू शेवटी रडलास, शफी."

"डोळंच हायेत, मास्तर. पानी येतं."

"तू रडलास की ते रडतात. रडले की हलके होतात आणि घरी जाऊन जेवतात. आपल्याला त्यांना हलकं करायचंय का?"

"न्हाई."

"मग? जड करायचंय. बाई झालास तरी तू शफीच आहेस, हे त्यांना दिसत राहिलं पाहिजे."

शफीने मान हलवली. त्याने धोतरावरूनच लुगडं गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला आणि मध्ये येऊन उभा राहिला. मिशी तशीच. गर्दीत हशा पिकला.

"आगं ए बाय, मिशी तरी काढ!" कुणीतरी ओरडलं.

"ऱ्हाऊ द्या, पावनं," शफी म्हणाला. "मिशी काढली तर तुमी मला खरीच बाई समजाल. मग बसाल डोळं पुशीत. मी काय बाई न्हाई, मी जुन्नरचा शफी मन्यार. पर डोंगरात एक बाई व्हती, तिचं सांगायचं हाय, म्हनून घटकाभर तिचा पदर घेतलाय. पोर म्हंजी हे उपरणं. ज्याला रडायचं त्यानं घरी जाऊन कांदं चिरावं."

पुन्हा हशा. बाजाराला सोबत आलेली लंकाबाईही हसली. शेजारच्या वाडीच्या बाया एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. सोनीबाईला मात्र शफी लुगडं सावरत खाली बसला तो पाहून धक्का बसला, कारण ती स्वतः तशीच बसायची, डावा गुडघा आधी टेकून. ही आपली बसण्याची तऱ्हा आहे हे तिला त्या दिवशी, बाहेरून बघताना, पहिल्यांदा कळलं.

डफ वाजला. शफीने सांगायला सुरुवात केली. सकाळी पोराचं अंग कोंबट होतं; पाऊस रिमझिमत होता; रात्री अंग तापलं आणि पाऊस वेडा झाला. त्याने वळकटी छातीशी धरली, आणि डफ एकदम बंद.

"थांबा," तो म्हणाला आणि डोक्यावरचा पदर मागे टाकला. "हितनं दोन वाटा हायेत. खाली नदी, नदीपल्याड दवाखाना. वर देऊळ, देवळात भगत. मंडळी, बाईनं कुनीकडं जावं?"

खेळात आपल्याला विचारतात याची लोकांना सवय नव्हती. मग मागून एक आवाज आला, "दवाखान्याला!" आणि त्याबरोबर दहा आवाज झाले.

शफीने पदर घेतला, चालू लागला. दोघा खेळकऱ्यांनी एक पासोडी ताणून धरली आणि ती हलवली, ती नदी. नदी त्याच्या छातीपर्यंत आली. तो काठावर बसला. डफ हळूहळू वाजत होता. मग त्याने वळकटी जमिनीवर ठेवली आणि पदर मागे टाकला. "पोर गेलं."

"मग देवळाकडं!" एक म्हातारी चिडून म्हणाली. "सांगितलं व्हतं मी पयलंच!"

"चला, देवळाकडं," शफी म्हणाला, आणि वळकटी उचलली. सोनीबाई पुढे सरकली. वळकटी उचलली की पोर पुन्हा जिवंत, हे तिला आता उमगलं होतं. भगत आला, त्याने अंगारा लावला, कोंबड्याचं नाव काढलं; लोक हसले. वळकटी पुन्हा खाली.

"घरीच का बसू नये मी म्हनतो," कुणीतरी म्हणालं. तेही झालं. चूल झाली, शेक झाला. वळकटी खाली.

वडाखाली आता हसणं थांबलं होतं. लोक एकमेकांकडे बघत होते. दुपारच्या उजेडात प्रत्येकाचं तोंड प्रत्येकाला दिसत होतं. सोनीबाईच्या आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. नव्हतीच, मग. वाट नव्हतीच. खाली गेलो काय, वर गेलो काय, घरी बसलो काय. तिने वर्षात पहिल्यांदा पाठ पूर्ण टेकली. पलीकडे पुरुषांत बसलेल्या जानकूकडे तिने पाहिलं. त्याची मान खाली होती.

"ह्यात काय इचार करायचा?" पुरुषांतून सोमाजी उठला. तो लंकाबाईचा चुलतदीर, वाडीतला वडीलधारा, बोलायला मोठा हुशार. खेळ कुणाचा आहे हे त्याच्या ध्यानात आलंच नव्हतं. मिशीवाली बाई बघून तो इतरांसारखाच रंगला होता. "समदं गाव रातीचं धरून बसलंय. आरं, ताप सकाळीच आलावता, तूच म्हनलास न्हवं का? सकाळी नदीला पानी किती व्हतं?"

"गुडघाभर," शफी म्हणाला. आणि तो थोडा थांबला. आजवरच्या गावांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"मग! सकाळीच घ्यायचं पोर काखंला आन् निघायचं. हाय काय आन् न्हाई काय!"

लोक "खरंय, खरंय" म्हणाले. शफीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान डोलावली. त्याने सोनीबाईकडे पाहिलं असतं तर तो कदाचित थांबला असता. पण त्याने पदर घेतला, वळकटी काखेला मारली आणि पासोडीची नदी गुडघ्यापर्यंतच हलली. तो पार झाला. दवाखाना झाला. सुई टोचली. वळकटी रडली, डफवाल्याने तोंडाने पोराचं रडणं असं हुबेहूब काढलं की मांडीवरची तान्ही दचकून जागी झाली. शफीने वळकटी खांद्यावर घेतली आणि तिला थोपटलं.

"पोर वाचलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सोमाजीने मिशीला पीळ दिला. आणि सोनीबाई हसली. तिला आवरलंच नाही. तिच्या छातीत पान्हा दाटला, चोळी भिजली, आणि एवढ्या एका क्षणात कुशा तिला त्या खांद्यावर असा दिसला, घामेजलेल्या केसांचा, अंगठा चोखणारा. मग टाळ्या विरल्या. वाट होती, म्हणजे. गुडघाभर पाण्याची.

त्या सकाळी ती कुठे होती ते तिला आठवावं लागलं नाही. ते तिने कधी विसरलंच नव्हतं. फक्त आठवणीत ती कधी तिकडे गेली नव्हती. त्या दिवशी त्यांच्या खाचराची आवणी, भाताच्या रोपांची लावणी, होती. वाडीत आवणी सावडीने व्हायची. आज ह्याच्या खाचरात सगळ्यांनी उतरायचं, उद्या त्याच्या. मजुरी नाही, फक्त दुपारचं जेवण. आणि ज्याचं खाचर त्याच्या घरच्या लेकुरवाळीने रोपाची पहिली मूठ लावायची, आणि शेवटची मूठ लागेपर्यंत बांध सोडायचा नाही. सोडला तर त्या वर्षी पीक बसत नाही, असं सगळे मानत. एक दिवस चुकला की पुढच्या सगळ्या घरांचा पाळीचा दिवस चुकतो, हेही सगळे जाणत.

"आता मला सांगा," मास्तर पुढे आले. "टाळ्या वाजवल्यात. मग ती सकाळी गेली का नाही?"

"अक्कल न्हाई, म्हनून," सोमाजी म्हणाला. "बायकांचं काय, उंबऱ्यापतोर..."

"सोमाजी."

लंकाबाई उठली होती. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता, तो तिने सावरला नाही.

"ती न्हाई गेली, असं म्हनू नगंस. म्या जाऊ दिली न्हाई."

"वैनी, तुमी कशाला मधी..." सोमाजी म्हणाला, आणि तिथेच थांबला. त्याचं तोंड हळूहळू उतरत गेलं.

"पोराच्या अंगाला हात लावून ती दोनदा उठली. मी म्हनले, शेवटची मूठ लागू दे. समदी वाडी आपल्या खाचरात उतरलीया, आन् तू जाती कुटं? आन् तू बी खाचरात व्हतास, सोमाजी. बांधावर बसून भात वाढून घेतलास तिच्या हातानं. पोर तितंच इरल्याखाली निजलं व्हतं. तुला दिसलं न्हाई?"

एका एका माणसाने सोनीबाईकडे बघायला सुरुवात केली. उजेड लख्ख होता आणि मुळीला टेकून बसलेल्या तिला तोंड लपवायला जागा नव्हती. शफी पदर हातात धरून तसाच उभा होता.

"आमी नगं म्हनलो असतो व्हय?" वाडीतला एकजण म्हणाला. "पोर दुखनाईत हाय म्हनल्यावर?"

"म्हनला असता," त्याच वाडीतली एक बाई म्हणाली. "माज्या टायमाला म्हनला व्हतात. माजं पोर वाचलं, म्हनून कुनाच्या ध्यानात न्हाई."

"रिवाजच हाय तो, बाई!"

"रिवाज कुनी घातला? आभाळातनं पडला का?"

आणि मग बोलणं पेटलं. बायका बोलल्या, पुरुष बोलले. एक म्हणाला सावड मोडली तर डोंगरात शेती व्हायची नाही. दुसरा म्हणाला सावड मोडा कोण म्हणतंय, मुठीचं तेवढं सोडा. मास्तर एका बाजूला उभे होते. चष्मा पुसत होते आणि मध्ये एक शब्द बोलत नव्हते. अखेर सोमाजीच घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ज्याच्या घरी दुखनं, त्याची मूठ दुसऱ्यानं लावावी. कुनीच न्हाई मिळालं तर मी लावीन. बाप्याच्या हातचं रोप काय उलटं उगवतंय?" लोक हसले, पण ते हसणं वेगळं होतं. आवणीला ह्या सालापासून असंच करायचं, असं वाडीच्या चार माणसांनी तिथल्या तिथे ठरवलं.

मग सोमाजी सोनीबाईपाशी आला. पागोटं काढून हातात घेतलं होतं. "सोने," तो म्हणाला, "पटतंय का तुला?"

सगळे थांबले. तिने काहीतरी बोलावं अशी सगळ्यांची इच्छा होती. तिने 'पटतंय' म्हणावं, म्हणजे सगळ्यांना घरी जाता येईल. चांगलं होतं ते. पुढच्या आषाढात कुणाचं तरी पोर नदीपार जाईल. तिला ते कळत होतं. तिने मान हलवली. सोमाजीने सुस्कारा टाकला, आणि माणसं उठली, धुळीत पायांचे आवाज झाले, बाजाराची गडबड पुन्हा कानावर येऊ लागली.

"आज खेळ झाला, शफी," मास्तर म्हणाले. "इतक्या दिवसांत आज खरा खेळ झाला."

शफी लुगड्याची घडी घालत होता. घडी जमत नव्हती. सोनीबाई समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्याने मान वर केली नाही. "माफी असावी, सोनीबाई. लोक हे काढत्याल, असं मला..."

"ती वाट परत दावा, शफीभाऊ."

"कंची?"

"सकाळची."

मास्तर जवळ आले. ते समजुतीने म्हणाले, "बाई, खेळ संपला. आता परत दाखवून काय होणार? विचार करायचा होता, तो लोकांनी केला. तुमच्यामुळे केला."

"मला इचार न्हाई करायचा, मास्तर," सोनीबाई म्हणाली. "मला बगायचं हाय."

नदी धरणारे खेळकरी पासोडी घेऊन पाणी प्यायला गेले होते. डफ गवसणीत गेला होता. मागे जानकू मिठाची पुरचुंडी घेऊन उभा होता. 'चल' म्हणायला आला होता, पण तो तिथेच खाली बसला आणि तान्हीला तिच्याकडून आपल्या मांडीवर घेतलं. लंकाबाई लांब झाडाला धरून उभी होती.

शफीने घडी मोडली. लुगडं गुंडाळलं. ह्या वेळी मी अमका मन्यार असं काही तो म्हणाला नाही. त्याने पदर डोक्यावर घेतला, उपरणं गुंडाळून काखेला लावलं आणि त्याच्या तोंडावर हलकेच सावली धरावी तसा हात धरला. बाजारतळाच्या धुळीत जिथे नदी असायला हवी तिथे तो आला, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं आणि पाऊल उचललं.

"तितं नगं," सोनीबाई म्हणाली. "तो दगड हालतो. खालच्या अंगानं या."

शफीने उचललेलं पाऊल तसंच मागे घेतलं, आणि जरा खाली सरकून, चाचपत, कोरड्या मातीत ठेवलं.